वन्संचे रानातले मुक्काम

आमच्या वालावलच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही, म्हणून पडवीतला जुना फोन अजून ठेवलाय. त्या दिवशी सकाळी तो वाजला तेव्हा मी खळ्यात कोकमाची सालं उन्हात पसरत होते. हात तसेच लाल घेऊन धावले. फोन जामसंड्याहून होता, वन्संच्या घरमालकांचा. "वहिनी, बाई आज उठल्याच नाहीत," एवढंच ते बोलले. आमचे हे मागच्या दारी माडांना पाणी लावत होते. त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगो, पण येत्या शनवारी आमका रानात जावचा आसा मां..."

मोठी बहीण गेल्याचं कळल्यावर माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य हे यावं, याचं मला त्या क्षणीसुद्धा नवल वाटलं नाही. गेली सात वर्षं आमच्या घरात वन्सं म्हटलं की रान आणि रान म्हटलं की वन्सं, असंच झालं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुमन. जामसंड्याच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. वडील लवकर गेले, तेव्हा पाठच्या तिघांची शिक्षणं आणि लग्नं यांनीच पार पाडली, आणि त्या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल त्यांना कधी हळहळताना मी पाहिलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा कुडाळच्या पोस्टात कारकून होते. सासरी सगळ्यांत जास्त धाक मला त्यांचाच होता. पहिल्याच भेटीत त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोस्टात आसंस मां? म्हणजे पत्तो वाचूक येता. बरा झाला." हे कौतुक होतं की उलटतपासणी, ते मला पुढची काही वर्षं कळलं नाही.

निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्या वालावलला आल्या. शाळेनं दिलेली शाल आणि श्रीफळ त्यांनी देवघरापुढे ठेवलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसल्या. पेज वाढत असताना सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "माका एक रात रानात रवाक व्हया. तंबवात."

ह्यांचा घास हातात राहिला. "कित्याक? आपल्या घराभोवती काय शहर आसा?"

"थयसून घर दिसता," वन्सं म्हणाल्या. "घर दिसता ता रान न्हय."

ह्यांनी विषय हसण्यावारी नेला. मग दोन दिवसांनी तो परत निघाला तेव्हा चिडले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं, गुडघे दुखत असताना, सापकिरड्यांत जाऊन झोपायचं काय कारण, लोक काय म्हणतील, आणि काही झालं तर कोणाला निस्तरावं लागेल... वन्सं शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या वर्गात मुलं कविता चुकीची म्हणत असताना त्या ज्या चेहऱ्यानं ऐकत असतील तोच चेहरा. शेवटी म्हणाल्या, "तू नको येव. शुभा येतली." मला कोणी विचारलं नव्हतं. पण मी बघितलं, तर होकाराची मान हलवून मोकळी झाले होते.

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात एखाद्या लग्नाची तयारी चालावी तशी एका रात्रीची तयारी चालली होती. घाटमाथ्यावर, आंबोलीच्या पलीकडे, वन खात्यानं झाडीत चार तंबू उभारलेले आहेत आणि परवानगी काढून तिथे राहता येतं, हे वन्संनी शोधून काढलं होतं. त्यांनी त्यांच्या घोटीव अक्षरात, समास सोडून, अर्ज लिहिला आणि तो घेऊन स्वतः कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसानं तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला. "बाई, अर्ज फार सुरेख आहे," तो म्हणाला, "पण हल्ली हे सगळं ऑनलाइन असतं." वन्सं घरी येऊन ह्यांना सांगत होत्या, "तेणी सुरेख म्हटल्यान हां." नापास होऊनही शेरा चांगला मिळाल्यासारखा त्यांचा आनंद होता.

आता ऑनलाइन म्हणजे काय ते शिकणं आलं. आमच्याकडे लेकीनं टाकून दिलेला लॅपटॉप होता आणि फोनच्या तारेवरून इंटरनेटही होतं. पण मोबाइलवर जो सहा आकडी नंबर येतो, तो आमच्या घरात येणार कसा? रेंज होती ती समोरच्या मळ्याच्या टोकाला, दगडी गडग्यावर उभं राहिलं तर. मग वन्सं पडवीत लॅपटॉपपुढे आणि मी त्यांचा मोबाइल घेऊन गडग्यावर. त्यांनी आतून "धाडलंय" म्हणून हाक दिली की मी डोळे स्क्रीनला लावून उभी. नंबर आला की एकेक आकडा ओरडून सांगायचा. मधल्या वाटेवर शेजारची आवा गुरं घेऊन चालली होती, तिनं तो पुढे ओरडून सांगायचा. पहिल्या दिवशी तीन वेळा वेळ संपली. चौथ्यांदा नंबर लागला, आणि पडवीतून वन्संचा आवाज आला, "शुभा, ये खाली. सरकारान आमका ओळखल्यान." संध्याकाळपर्यंत वाडीतल्या सगळ्यांना आम्ही रानात राहायला चाललोय हे माहीत झालं होतं आणि निम्म्यांना तो नंबरही पाठ झाला होता.

मग तालमी. वन्संचं म्हणणं, जे करायचं ते एकदा घरी करून बघायचं, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाही का आपण करत. आमच्याबरोबर तिसरी होती रेखा, मसुऱ्याची, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स, वन्संची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या भाच्याचा एक तंबू होता. तिथे तंबू तयार मिळणार होते, तरी वन्संनी तो मागवून घेतला आणि आमच्या खळ्यात ठोकला. आम्ही तिघी त्यात आडव्या होऊन बघत होतो. पाय कुणाचे कुठे जातात, उठायचं झालं तर आधी कुणी उठायचं. रेखा जाड, तिनं कूस बदलली की आम्ही दोघी कापडाला चिकटायच्या. बाहेरून शेजारच्या आवाचा आवाज आला, "काय गो सुमन, घरात जागा नाय झाली काय?" आतून वन्सं म्हणाल्या, "भायर झाली म्हणान इलव." आणि आम्ही तिघी अशा हसत सुटलो की तंबूचा एक खुंटा उपटून आला.

पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय व्हावी म्हणून त्यांनी आम्हांला रोज सकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळापासून तळ्याच्या काठानं फिरवलं. पाठीवर पिशवीत पाच किलो उकडे तांदूळ. वाटेत भेटेल तो विचारायचा, "खंय चललास?" वन्सं सांगायच्या, "खंयच नाय." चालता चालता त्या आम्हांला झाडं विचारायच्या. किंजळ, ऐन, कुंभा, जांभा. चुकलं तर परत मागे नेऊन झाडापुढे उभं करायच्या. मी पोस्टात असताना अख्ख्या तालुक्याचे पत्ते पाठ होते, पण आपल्याच वाटेवरच्या झाडांची नावं पन्नाशी उलटल्यावर शिकले, ती अशी.

जायचा दिवस आला. वन्संनी प्रत्येकीची ओळखपत्रं, परवानगीचा कागद, डॉक्टरचं पत्र, सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. एस.टी.नं सावंतवाडी, तिथून दुसरी एस.टी. घाट चढून वर. खिडकीतून गार वारा यायला लागला तेव्हा वन्सं अगदी ताठ बसल्या होत्या. फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चाललो. फाटक दिसलं. चौकीवरच्या वनरक्षकानं हसून नमस्कार केला, कागद घेतले आणि एकेक तपासले. माझं आधार कार्ड. रेखाचं आधार कार्ड. मग त्यानं पाकीट उलटं करून झटकलं.

"बाई, तुमचं?"

वन्संनी पाकीट बघितलं, पिशवी बघितली, पर्स बघितली. मग हळूच म्हणाल्या, "ते झेरॉक्सच्या मशीनवर राहिलं..." आदल्या दिवशी जामसंड्याला आमच्या दोघींच्या प्रती चार वेळा तपासून घेताना त्यांचं स्वतःचं कार्ड मशीनच्या झाकणाखालीच राहिलं होतं. तो माणूस खरंच भला होता. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावायचा प्रयत्न केला, तो लागला नाही. "मला सोडता आलं असतं तर सोडलं असतं बाई," तो म्हणाला. रेखा वाद घालायच्या तयारीत पुढे झाली, तर वन्संनी तिला हातानं मागे केलं. "नाही, त्यांचं बरोबर आहे. चिठ्ठी आणल्याशिवाय मीही कुणाला वर्गात घेतलं नसतं." मग आमच्याकडे वळल्या. "तुमी दोघी जावा. तुमची परवानगी आसा. मी फाट्यार रवतंय, सकाळी भेटाया."

आम्ही अर्थातच गेलो नाही. तिघी मागे फिरलो. फाट्यावर चहाच्या टपरीवाल्या बाईनं आम्हांला तिच्या घरी ठेवून घेतलं, शेणानं सारवलेल्या पडवीत. भाकरी आणि कुळथाची पिठी दिली. संध्याकाळ झाली, समोरच्या डोंगरावरचं रान निळं पडत गेलं. वन्सं तिकडे बघत बसल्या होत्या. आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला ते सांगितलं, जे मी तीस वर्षं त्या घरात असूनही ऐकलं नव्हतं.

सासऱ्यांची काजीची बाग डोंगरात होती. बागेत एक मांगर, म्हणजे राखणीची खोपी. काजीच्या दिवसांत ते तिथेच मुक्कामाला असायचे. ह्यांना आठवं वर्ष लागलं तेव्हा त्यांनी ह्यांना बरोबर न्यायला सुरुवात केली. वन्सं बारा वर्षांच्या होत्या. त्यांनी आपलं अंथरूण गुंडाळलं आणि वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. वडील म्हणाले, "चेडवांनी मांगरात रवाचा नसता." मुलगी म्हणून नाही. त्यांनी रडून गोंधळ घातला नाही. अंथरूण परत आणून ठेवलं. "बाबल सकाळी येय आणि सांगी," वन्सं ह्यांचं घरचं नाव घेऊन म्हणाल्या, "बिबटो बघलंय. डोळे असे पेटलेले. मी तेका पुन्ना पुन्ना इचारी, आवाज कसो येता, वास कसो येता. सगळा सांगी तो..." मग म्हणाल्या, "आज फाटकार उभी रवलंय, आणि माका ताच अंथरूण हातात आसा असा वाटला."

घरी आल्यावर मी हे सगळं ह्यांना सांगितलं. ते उठून मळ्यात गेले आणि काळोख पडेपर्यंत आले नाहीत. आठवडाभरानं म्हणाले, "पुढची तारीख कधीची मिळता बघ. चार जणांची घे." मी म्हटलं, चौथं कोण? तर म्हणाले, "मी."

पुढच्या जानेवारीत आम्ही चौघं गेलो. वन्संचं कार्ड ह्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि एस.टी.त बसल्यापासून तिथे हात लावून बघत होते. फाटकावर तोच वनरक्षक. त्यानं वन्संना ओळखलं. कागद बघितल्यासारखं केलं आणि फाटक उघडून बाजूला उभा राहिला, "या बाई." वन्संनी आत पाऊल टाकण्याआधी चपला काढल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घातल्या आणि चालू लागल्या.

त्या दुपारी त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही. इतकं नियोजन करणारी बाई, वाटलं होतं आता वेळापत्रक काढेल. तर तंबूपुढे एका दगडावर बसल्या आणि बघत राहिल्या. एक शेकरू फांद्यांवरून उड्या मारत गेलं, त्याची झुपकेदार शेपटी दिसेनाशी होईपर्यंत त्यांची मान वळत होती. डोक्यावरून मोठ्या पंखांचा घरघर आवाज करत धनेशाची जोडी गेली. रेखा दचकून म्हणाली, "ह्यां काय विमान?" संध्याकाळी खालच्या गवतात गवा येऊन उभा राहिला. एकटाच. काळा, डोंगरातून कापून काढल्यासारखा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. तो आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे. वन्संनी माझा हात धरला होता. गवा निघून गेल्यावर त्या म्हणाल्या, "शुभा, तेच्या श्वासाचो आवाज इलो माका."

शेकोटीला परवानगी नव्हती. कंदिलाच्या उजेडात आम्ही बरोबर आणलेले घावणे आणि सुकी चटणी खात होतो. नुकता अंधार पडला होता. तेव्हा हे एकदम म्हणाले, "बाये, तुका एक सांगाचा आसा."

"सांग."

"त्या मांगरात मी एकच रात रवलंय."

वन्संनी कंदील जरा जवळ ओढला.

"पयल्याच राती भियालंय. येवढो रडलंय की बाबा सकाळी माका काकीच्या घराकडे सोडून गेले. मगे रोज रातचो मी काकीकडेच निजी. सकाळी बाबा येताना माका घेवन येयत. कोणाक सांगा नको म्हणान मीच तेंच्या पायां पडलंय."

"आणि बिबटो?"

"मांजर होता," हे म्हणाले. "काकीचा."

कंदिलाभोवती किडे भिरभिरत होते. रेखानं घावणा तोंडात घालता घालता हात थांबवला होता. मी वन्संच्या तोंडाकडे बघायला धजत नव्हते. जवळजवळ पन्नास वर्षं या बाईनं भावाचा हेवा केला होता, आणि ज्या गोष्टीचा केला ती गोष्ट घडलीच नव्हती. "मेल्या," शेवटी त्या अगदी हळू म्हणाल्या, "तू तेवा सांगतंस, तर तुझ्या जागेर बाबांनी माका न्हेल्यानी असता."

"माका म्हायत आसा," हे म्हणाले. "शुभान सांगल्यान त्या दिसापासून दुसरा काय डोक्यात नाय माझ्या."

वन्सं खाली बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, म्हणून मी सरकून जवळ गेले, तर त्या हसत होत्या. आवाज न करता, पोटातून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. "काकीचा मांजर..." त्यांना पुढे बोलताच येईना. "आणि मी तेचो निबंध लिवलंय रे. सातवीत. बिबट्याचे डोळे. पयलो नंबर इलो होतो." ते ऐकल्यावर रेखा फुटली, मग मी, आणि शेवटी हेसुद्धा. चौकीतला माणूस बॅटरी घेऊन बघायला आला, काय झालं म्हणून. हसता हसता वन्संनी आपल्या ताटातला अर्धा घावणा मोडला आणि भावाच्या ताटात ठेवला. तेवढंच. त्या विषयावर त्यानंतर दोघांत कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही.

पहाटे मला जाग आली तेव्हा वन्संचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर धुकं होतं. त्या शाल पांघरून त्याच दगडावर बसल्या होत्या आणि खालच्या ओढ्याकडून शीळ येत होती, माणसानं रमतगमत घालावी तशी. "शीळकरी कस्तूर," त्या कुजबुजल्या. "पुस्तकात वाचलेलो. शिकवलेलो सुदा." मी शेजारी बसले. उजाडेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. मी आयुष्यात पुष्कळ सकाळी पाहिल्या आहेत, चूल पेटवता पेटवता, एस.टी.साठी धावता धावता. नुसती बसून पाहिलेली ती पहिली.

एक रात्र पाहिजे होती, ती मिळाली. आम्हांला वाटलं आता झालं. पण वन्सं परतीच्या एस.टी.तच म्हणाल्या, "आता शेवंताक न्हेवक व्हया." शेवंता म्हणजे त्यांच्या शाळेत तीस वर्षं घंटा देणारी शिपाईण. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पावसाळा सोडून दर वर्षी दोनतीन मुक्काम. जुन्या विद्यार्थिनी, कुणाच्या सासवा, मासळी विकणाऱ्या दोघी बहिणी, देवळातल्या भजनातल्या बायका. वन्संचे नियम मोजके पण कडक. आपलं पाणी आपण उचलायचं. घरी फोन करून "जेवलास काय" विचारायचं नाही. आणि फॉर्म ज्याचा त्यानं भरायचा. ज्या बाईनं जन्मात कुठे सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं तिलाही त्या स्वतःशेजारी बसवायच्या आणि एकेक अक्षर दाबायला लावायच्या. "उद्या मी नसलंय तरी तुका जावक येवक व्हया." रेखा एकदा रानातून येताना म्हणाली, की इतकी वर्षं नाईट ड्यूटी केली, पण कुठल्या पेशंटसाठी नाही, फक्त आपल्या मर्जीनं जागलेली रात्र हीच.

त्यांनी सगळ्यांनाच नेलं असं नाही. पुष्कळजणी आयत्या वेळी गळायच्या. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचा नवरा नको म्हणाला. वन्सं रागवायच्या नाहीत. "न्हय तर न्हय. रान खंय पळान जाता?" एवढंच. पण त्यांच्या लक्षात असायचं, आणि पुढच्या वर्षी त्या बाईला परत विचारणं यायचं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं. घाटाचा चढ नको म्हणाले. जाण्याच्या दोन आठवडे आधी त्या वालावलला आल्या होत्या, तीच आमची शेवटची भेट. पडवीच्या दोन पायऱ्या चढून आल्या आणि बसून दम घेत राहिल्या. ह्यांनी पंखा लावला. जरा बरं वाटल्यावर पिशवीतून परवानगीचा कागद काढला. मी म्हटलं, "वन्सं, ह्या खेपेक रवांदे. पावसानंतर जावया." त्यांनी मान हलवली. "मी चालूचंय नाय. तंबवाकडे बसतलंय, तुमी फिरान येवा, आणि काय बघलास ता माका सांगा." मग भावाकडे बघून म्हणाल्या, "खरा खरा सांगाचा पण. मांजराक बिबटो म्हणाचा नाय." जाताना मी त्यांना फणसाची साठं बांधून दिली. एस.टी.च्या खिडकीतून त्यांनी हात केला नाही, कारण त्या शेजारच्या बाईशी आधीच काहीतरी बोलायला लागल्या होत्या. मला वाटतं, तिला त्या तारखाच सांगत असाव्यात.

ती शनिवारची तारीख सुतकात गेली. तेराव्याला घर बायकांनी भरलं होतं. रानात न येऊ शकलेल्यासुद्धा आल्या होत्या. रडारड झाली थोडी, पण लगेच कुणीतरी गव्याची गोष्ट काढली, कुणी रेखाच्या घोरण्याची, आणि बाहेर बसलेल्या पुरुषमाणसांना आत काय चाललंय ते कळेना.

महिन्यानं आम्ही दोघं जामसंड्याला गेलो, वन्संची खोली मोकळी करायला. एकच खोली, पुढे छोटीशी पडवी. भांडी, पुस्तकं, चार साड्या. आवरायला घरमालकीण आली होती, शालिनीवहिनी, पन्नाशीच्या. आंब्याच्या दिवसांत त्यांच्या घरी वीस माणसांचं जेवण एकटीनं रांधणारी बाई. आमच्याशी फार बोलायची नाही, कामाशी काम. पुस्तकं बांधत होतो, तेव्हा दाराआडच्या भिंतीवर या वर्षाचं कॅलेंडर लटकत असलेलं ह्यांना दिसलं. मे महिन्याचं पान वर होतं. ते उतरवण्यासाठी त्यांनी खिळ्याला हात घातला, तर मी सहज पुढची पानं उलटली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोरी. नोव्हेंबरात एक शनिवार आणि रविवार, दोन चौकटींत मिळून, शिसपेन्सिलीनं एक नाव लिहिलेलं होतं. घोटीव अक्षरात.

शालिनीवहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "ह्या कोणाचा नाव?"

"तुमचा," मी म्हटलं.

त्यांनी जवळ येऊन परत वाचलं. "माका कधी काय बोलूक नाय त्या."

"आधी तारीख ठरयत, मगे माणसाक इचारीत. आधी इचारला तर माणूस अडचणी सांगता म्हणीत."

"नोव्हेंबरात होवचा नाय," त्या लगेच म्हणाल्या. "धाकट्या दिराचा बाळ येतला तेवा. आणि सासूबाईंका रातचा बघूक कोण..." एवढं बोलून त्या थांबल्या. खोलीत ऊन आलं होतं. ह्यांनी खिळ्यावरचा हात काढून घेतला. शालिनीवहिनी कॅलेंडरकडे बघत होत्या.

"दोन चौकटी म्हणजे... एकच रात मां?"

"एकच."

कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधलेली होती. त्यांनी धुळीनं भरलेला हात पदराला पुसला, ती पेन्सिल घेतली, आणि आपल्या नावाखाली लिहिलं, येतंय.